तुमचा आकडा कोणत्या गावचा?

प्रति,
माननीय मंत्री,
स्थलांतर, निर्वासित व नागरिकत्व विभाग,
कॅनडा सरकार, ओटावा



१ सप्टेंबर २०२५ पासून तुमच्या देशात शिकायला येणाऱ्या एकट्या मुला-मुलीला पहिल्या वर्षाच्या जगण्यासाठी २२,८९५ डॉलर जवळ असल्याचं दाखवावं लागतं. फी वेगळी, विमानाचं तिकीट वेगळं. आजच्या भावानं ही रक्कम चौदा लाख रुपयांच्या वर जाते. एवढ्या पैशांत आमच्या घुग्घुसात काय काय होतं ते सांगत बसत नाही. डॉलर-रुपयाचा तसला हिशेब लग्नाच्या पंगतीत पुष्कळ ऐकला आहे आणि त्यातून कधी काही निष्पन्न झालेलं पाहिलं नाही. आकडा मोठा आहे अशीही माझी तक्रार नाही. तो कोणत्या गावचा आहे, हे तुम्ही कुठं लिहीत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

मी कोळसा कंपनीत पगारबिलाचा बाबू होतो. दर तिमाहीला महागाईच्या निर्देशांकाची सरासरी यायची, तिच्यावरून व्हीडीए, म्हणजे महागाई भत्ता, बदलायचा, आणि मग हजेरी क्लार्कपासून शॉवेल ऑपरेटरपर्यंत जो तो माझ्या खिडकीशी येऊन विचारायचा, "बाबू, या खेपेला किती वाढला?" उत्तर कधी टक्का असायचं, कधी अर्धा. ते ऐकून कोणी खूश झाल्याचं मला आठवत नाही. बाजारात तूरडाळ कितीला मिळते हे त्यांना ठाऊक असायचं, आणि सरकारी कागद काही वेगळंच सांगत असायचा. त्या खिडकीत बसून एक सवय लागली. जगण्याच्या खर्चाचा आकडा कोणीही समोर ठेवला की तो कुठून आला, कोणत्या वर्षाच्या यादीवरून काढला आणि त्यात घरभाडं किती धरलं, हे तीन प्रश्न मी आधी विचारतो. मुलीचा कॅनडाचा अर्ज भरायला बसलो तेव्हाही तेच विचारले. एजंटकडे उत्तर नव्हतं. "काका, गव्हर्नमेंटचा आकडा आहे," एवढंच तो म्हणाला.

म्हणून मीच शोधला. तुमच्या सांख्यिकी खात्याचं अल्प उत्पन्नाच्या मर्यादेचं एक कोष्टक आहे. वस्ती केवढी आणि घरात माणसं किती, यावरून प्रत्येकाची मर्यादा ठरते. पाच लाखांहून मोठ्या शहरातल्या एकट्या माणसाची मर्यादा ३०,५२६ डॉलर धरली आहे. तिचा पाऊण हिस्सा काढला की डॉलरला डॉलर जुळून २२,८९५ येतात. म्हणजे तुमच्याच हिशेबानं ज्या रेषेखालचा माणूस तंगीत आहे, त्या रेषेचा पाऊण हिस्सा खिशात घेऊन या, असं तुम्ही आमच्या पोरांना सांगता. वाचून मला धक्का वगैरे बसला नाही. पगारबिलात याहून विचित्र सूत्रं पाहिली आहेत.

गंमत पुढं आहे. हेच कोष्टक तुमचा विभाग आणखी तीन ठिकाणी वापरतो. एक्सप्रेस एन्ट्रीतून कायमचं राहायला येणाऱ्यानं, त्याच्याकडे तिथली नोकरी नसेल तर, या मर्यादेची अर्धी रक्कम दाखवायची, एकट्यासाठी १५,२६३ डॉलर. माझी मुलगी पुढं तिथं स्थिरावली आणि तिनं आम्हा म्हाताऱ्यांना सुपर व्हिसावर पाहुणे म्हणून बोलवायचं ठरवलं, तर तिचं उत्पन्न पूर्ण मर्यादेइतकं हवं. कायमचं बोलवायचं असेल तर मर्यादा अधिक तीस टक्के. शहर तेच, थंडी तीच, बटाट्याचा भाव तोच. तरी एकाला अर्धं पुरतं, दुसऱ्याला पाऊण लागतं, तिसऱ्याला सगळं आणि चौथ्याला सव्वापटीहून जास्त. जगायला किती लागतं हे या चारांतला कुठलाच आकडा सांगत नाही. कोणाला किती सहज आत घ्यायचं, हे ते सांगतात. तो तुमचा अधिकार आहे, त्याबद्दल वाद नाही. फक्त त्याला 'राहण्याचा खर्च' म्हणू नका, कारण आमच्याकडे लोक तो शब्द खरा धरतात.

घुग्घुस तुमच्या नकाशावर दिसायचं नाही. चंद्रपूर जिल्ह्यात, वर्धा नदीच्या काठी आमचं गाव आहे. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा, वणी तालुका, आणि तिथंही खाणीच. गावाला कोळसा आहे, सिमेंटचा कारखाना आहे, स्पंज आयर्नचा कारखाना आहे. गडचिरोलीतल्या सुरजागडच्या डोंगरावरचं लोहखनिज ट्रकांवर लादून इथं येतं, आणि त्या ट्रकांची रांग लागली की शाळेची बस अडकते. दोरीवर वाळत घातलेली पांढरी बनियन संध्याकाळी राखाडी होऊन घरात येते, म्हणून आमच्या बायका उन्हाळ्यातही कपडे घरात वाळवतात. गावात मराठी, तेलुगू, छत्तीसगढी, बिहारी सगळे आहेत आणि सगळे कामासाठी आलेले. स्थलांतर म्हणजे काय, हे आम्हाला ओटावाकडून शिकावं लागत नाही.

घरभाड्याचं सांगतो, कारण मुद्दा तिथंच आहे. कंपनीत कायम असलेल्याला क्वार्टर मिळतं. ठेकेदाराकडे असलेला माणूस पत्र्याची खोली शोधतो. नवा ठेका निघाला, बाहेरून ड्रायव्हर-हेल्परांची टोळी उतरली, की त्या खोलीचं भाडं महिनाभरात पाचशेनं चढतं. नागपूरला त्याची खबरही नसते. आमच्या औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकासाठी देशातली ८८ केंद्रं निवडली आहेत. आमच्या बाजूला त्यांतलं जवळचं केंद्र नागपूर. व्हीडीए मात्र साऱ्या देशाच्या सरासरीवर ठरतो. घरभाड्याची पाहणी सहा महिन्यांतून एकदा होते. म्हणजे घुग्घुसच्या खोलीचं वाढलेलं भाडं कुठल्या कागदावर उमटायचं झालंच, तर ते आधी नागपूरच्या भाड्यात, मग देशाच्या सरासरीत विरघळून उमटणार. संघटनांच्या गेट मीटिंगमध्ये यावर किती घसा कोरडा झाला असेल! तरी एक गोष्ट आमच्या सरकारच्या बाजूनं सांगितली पाहिजे. आमचा निर्देशांक संथ आहे, पण त्याची यादी बदलते. १९८२ चा पाया सोडून तो २००१ वर आला, २००१ वरून २०१६ वर. नवी मालिका २०२० साली लागू केली तेव्हा घरभाड्याचं वजन १५.२७ वरून १६.८७ टक्के झालं आणि खाण्यापिण्याचं ४६ वरून ३९ च्या आसपास उतरलं. जुन्या-नव्याची सांगड घालणारा गुणक २.८८ धरला, तो कमी धरला म्हणून भांडण झालं. भांडण झालं, कारण यादी सगळ्यांच्या समोर होती.

तुमची यादी कोणत्या वर्षाची आहे, ठाऊक आहे? १९९२ ची. त्या वर्षी कॅनडातली कुटुंबं अन्न, वस्त्र, निवारा यांवर उत्पन्नाचा किती वाटा खर्च करत होती ते पाहिलं, त्यापेक्षा वीस टक्के-अंक जास्त वाटा ज्यांचा यातच जातो ते अल्प उत्पन्नाचे, असं ठरवलं, आणि तेव्हापासून ती मर्यादा दरवर्षी महागाईच्या दरानं पुढं ढकलत आणली. १९९२ मध्ये टोरंटोत खोली कशी मिळायची, उत्पन्नाचा किती हिस्सा भाड्यात जायचा, तीच सांगड आज माझ्या मुलीच्या अर्जावर बसली आहे. त्यातही पाच लाखांच्या वरची सगळी शहरं एकाच रकान्यात. विनिपेग आणि टोरंटो एका ओळीत! या दोन शहरांत एकाच भाड्यात घर मिळतं, असं तुमच्या खात्यातला शिपाईसुद्धा म्हणणार नाही.

याला पर्याय नाही म्हणाल, तर तोही तुमच्याच घरात आहे. २०१९ च्या दारिद्र्य घटवण्याच्या कायद्यानं तुम्ही बाजारटोपलीची मोजणी ही देशाची अधिकृत दारिद्र्यरेषा मानली आहे. तीत अन्न, कपडे, निवारा, प्रवास आणि इतर गरजा यांची प्रत्यक्ष किंमत काढतात आणि ती ठिकाणागणिक वेगळी काढतात. टोरंटोची वेगळी, व्हँकुव्हरची वेगळी, खेड्यापाड्यांची वेगळी. आपल्या नागरिकाची गरिबी मोजायला शहरागणिक टोपली, आणि आमच्या पोरांसाठी साऱ्या देशाचा मिळून १९९२ चा एक आकडा! क्वेबेकनं तेवढी आपली वेगळी रक्कम ठेवली आहे. बाकी सगळीकडे तेच २२,८९५.

आता तुम्हाला वाटेल, हा गृहस्थ आकडा कमी करून मागतोय. मुळीच नाही. २००० च्या दशकाच्या सुरुवातीपासून २०२३ संपेपर्यंत तुम्ही हाच आकडा दहा हजार डॉलरवर ठेवला होता. एवढ्या वर्षांत टोरंटोचं काय झालं ते मी सांगायला नको. न हलणारा आकडा माणसाचं काय करतो, हे कोळसा खाणीतल्या निवृत्तांना विचारा. आमच्या १९९८ च्या पेन्शन योजनेला महागाई भत्ताच नाही. निवृत्तीच्या दिवशी जी रक्कम ठरली, ती तशीच पुढं. त्यामुळे ७ डिसेंबर २०२३ ला तुमच्या तेव्हाच्या मंत्र्यांनी, मार्क मिलर यांनी, दहा हजारांचे एकदम २०,६३५ करण्याचं जाहीर केलं तेव्हा आमच्या वॉर्डात हळहळ झाली, पण मला ते बरोबर वाटलं. फार उशिरा केलं, एवढंच. त्या आधीच्या वर्षांत नागपूरच्या कितीतरी एजंटांनी तोच दहा हजारांचा आकडा दाखवून आई-बापांना सांगितलं, "वर्षाचा खर्च एवढाच, सरकारनंच लिहिलंय." सरकारनं लिहिलं होतं हे खरं. खर्च एवढाच होता हे खोटं. त्या खोट्यावर विमानात बसलेली पोरं टोरंटोच्या उपनगरांतल्या तळघरांत पाच-पाच, सहा-सहा जणांनी राहिली. मग तिथल्याच लोकांनी बोट दाखवलं, बघा, ही पोरं कशी गर्दी करून राहतात.

मुलगी टोरंटोतल्या स्कारबरोला राहते. एका घराच्या तळघरातली एक खोली, त्यात दोघी. खिडकी आहे, पण हातभर. भाडं एकीला ७५० डॉलर. पोचल्या पोचल्या पहिल्या महिन्याचं आणि शेवटच्या महिन्याचं असं दोन्ही द्यावं लागलं. ओंटारियोच्या कायद्यात घरमालक शेवटच्या महिन्याचं भाडं आधी घेऊ शकतो, हे आम्हाला पैसे भरताना कळलं. टीटीसीचा, म्हणजे शहराच्या बस-मेट्रोचा, विद्यार्थ्यांचा महिन्याचा पास सव्वाशे डॉलरच्या वर. फोन आणि कपडे धुण्याच्या मशीनची नाणी मिळून साठ-पासष्ट. खाण्याचे तीनशे, तेही दोघींनी मिळून रांधायचं म्हणून. तिथं दूध पिशवीत मिळतं हे ऐकून तिची आई खूश झाली, अगदी आपल्यासारखंच! मोठ्या पिशवीत तीन छोट्या पिशव्या, मिळून चार लिटर. तेलुगू दुकानात गोंगुरा नावानं अंबाडी मिळते. तिची जुडी घेतली त्या दिवशी पोरीनं फोन करून भाव सांगितला आणि वर म्हणाली, "बाबा, आईला सांगू नका, नाहीतर म्हणंल एवढ्याची भाजी काऊन घेतली." तिच्या आईनं ते शेजारी बसून ऐकलंच होतं.

हा सगळा खर्च साडेबाराशेच्या आसपास जातो. तुमच्या नियमात चालणारी ठेव म्हणून ठेवलेले २२,८९५ बँक वर्षभरात हप्त्याहप्त्यानं परत देते. बारांनी भागले तर महिन्याला १,९०८. म्हणजे पुरतात की, म्हणाल. हो, पुरतात. थंडीचा कोट, बूट, पुस्तकं आणि एखादं आजारपण धरून काटकसरीनं पुरतात. पण कशावर, ते पाहा. अर्ध्या खोलीवर. टोरंटोत नव्यानं घर भाड्यानं घेणाऱ्याला एका बेडरूमचं भाडं २०२३ मध्ये अडीच हजारांच्या वर सांगत होते. पुढं भाडी थोडी उतरली, तरी १,९०८ मध्ये ते घर बसत नाही. तुमचा महिन्याचा सगळा आकडा एका भाड्याला पुरत नाही, मग जेवण कशातून? म्हणून म्हणतो, आकड्यासोबत हेही छापा, की टोरंटोत ही रक्कम खोली वाटून घेणाऱ्याला पुरेल. आई-बापांना ते आधी कळू द्या. माझ्या बायकोला ते पोरगी पोचल्यावर कळलं.

आणि दुसरं वर्ष? पोरीचा कोर्स दोन वर्षांचा. अर्ज करताना तुम्ही पहिल्या वर्षाची रक्कम दाखवायला लावता. ती संपली की काम. सत्र चालू असताना कॉलेजाबाहेरच्या कामाला आठवड्याला २४ तासांची मर्यादा, नोव्हेंबर २०२४ पासून. त्याआधी वीस होती, मधल्या काळात दीडेक वर्ष मर्यादाच उठवली होती. ओंटारियोचं किमान वेतन १ ऑक्टोबर २०२५ पासून तासाला १७.६०. मी पगारबिलच करून पाहिलं. २४ गुणिले १७.६०, आठवड्याचे ४२२ डॉलर ४० सेंट. चार आठवड्यांचे १,६८९ डॉलर ६० सेंट, कपातीआधी. पूर्ण तास मिळाले तर. कॉफीच्या दुकानात सुट्टीच्या हंगामात तास मिळतात, जानेवारीत कापले जातात, हे मला पोरगी सांगते. यातून भाडं, खाणं, पास निघेल. दुसऱ्या वर्षाची फी निघणार नाही, ती इथूनच जाणार. २४ तासांची मर्यादा मला पटते. पोरं शिकायला गेली आहेत, रात्रपाळ्या करायला नाही. पण मग पहिल्या वर्षाचाच आकडा विचारून दुसऱ्या वर्षाबद्दल गप्प बसणं कोणत्या हिशेबात बसतं?

फीचा विषय निघालाच तर एक कागद तुमच्यासमोर ठेवतो. ओंटारियोच्या महालेखापरीक्षकांनी डिसेंबर २०२१ मध्ये सार्वजनिक कॉलेजांवर अहवाल दिला. २०२०-२१ मध्ये या कॉलेजांत परदेशी विद्यार्थी ३० टक्के होते, आणि फीच्या उत्पन्नात त्यांचा वाटा ६८ टक्के होता. त्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतातले ६२ टक्के. ओंटारियो सरकारनं २०१९ मध्ये स्थानिक मुलांची फी दहा टक्क्यांनी उतरवली आणि मग गोठवून ठेवली. चांगलं केलं. शिक्षण स्वस्त असावं. पण ती तूट कोणी भरून काढली, हे त्या ६८ टक्क्यांत लिहिलेलं आहे. आमच्याकडे साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज घ्यायचं तर बँक तारण मागते. घुग्घुसात कितीतरी घरं कंपनीच्या किंवा सरकारी जागेवर आहेत, ती तारण म्हणून चालत नाहीत. ज्यांची चालतात त्यांच्यावर वेगळीच टांगती तलवार. ऑगस्ट २०२२ मध्ये अमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. आजूबाजूच्या कुटुंबांना घरं सोडावी लागली. असल्या गावातून दागिने मोडून आणि प्लॉट गहाण ठेवून जमवलेल्या पैशांवर तुमच्या प्रांतातल्या कॉलेजांनी इमारती बांधल्या. मग २२ जानेवारी २०२४ ला तुम्ही परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली, आणि त्याच कॉलेजांनी कोर्स बंद केले, माणसं कमी केली. आमच्या पोरांवाचून चालत नव्हतं, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं.

या कॉलेजांनी पोरांना ऑफर लेटर पाठवताना त्यात फी सेंटपर्यंत लिहिली. राहायला खोली कुठं मिळेल, किती महिने थांबावं लागेल, भाडं किती, यावर एक ओळ नाही. मला यात तुमच्या विभागाचा दोष कॉलेजांपेक्षा जास्त वाटतो. कॉलेज हे दुकान झालं होतं, आणि दुकानदार वजन कमी दाखवतो म्हणूनच वजनमापाचं खातं असतं. परवाना देणारे तुम्ही. वसतिगृह किती खाटांचं आहे आणि परदेशी विद्यार्थी किती घेता, हे दोन आकडे कॉलेजाकडून मागून जाहीर करायला तुम्हाला कोणी अडवलं आहे?

तुमच्या स्वतःच्या लोकांचे हालही मी वाचले आहेत. टोरंटोच्या डेली ब्रेड फूड बँकेनं २०२३ च्या अहवालात लिहिलं की शहरात दहातला एक माणूस फूड बँकेवर अवलंबून आहे. त्याच वर्षाच्या शेवटी ब्रॅम्प्टनमधल्या एका फूड बँकेनं परदेशी विद्यार्थ्यांना धान्य देणं बंद केलं. आमच्या ओळखीतल्यांना राग आला. मला त्या फूड बँकेचा राग येत नाही. तिच्या दारात तिथला बेरोजगार बाप आणि पंजाबातून किंवा विदर्भातून आलेला पोरगा एकाच रांगेत उभे राहिले, ते तिनं ठरवलं नव्हतं. तुमच्या मध्यवर्ती बँकेनं मार्च २०२२ ते जुलै २०२३ मध्ये व्याजदर पाव टक्क्यावरून पाच टक्क्यांवर नेला. नोव्हेंबर २०१८ नंतर राहायला खुल्या झालेल्या घरांना ओंटारियोत भाडेवाढीची कमाल मर्यादाच लागू नाही. घरभाड्याच्या महागाईची कारणं शोधायला तळघरात जायची गरज नाही, पण राजकारणात तळघराकडे बोट दाखवणं सोपं असतं. आमच्याकडेही भाडं चढलं की 'बाहेरचे आले' असंच म्हणतात. मीही म्हणत असे, माझ्या खिडकीत बसून.

हे पत्र मराठीत लिहिण्याचं कारण सरळ आहे. ते तुमच्या आधी आमच्याकडचे लोक वाचणार आहेत. आणि तुमच्याकडे मराठी वाचणारेही कमी नाहीत. टोरंटोत मराठी भाषिक मंडळ कित्येक दशकांपासून आहे. १९६७ मध्ये तुम्ही गुणांची पद्धत आणलीत, त्यानंतर इंजिनिअर, डॉक्टर होऊन गेलेली मराठी माणसं तिथं पहिल्या काही वर्षांत घर घेऊ शकली. त्यांतले एक गृहस्थ सुट्टीत चंद्रपूरला आले होते. आपल्या वेळी पगारातला किती भाग घरात जायचा ते सांगत होते. ऐकताना कळत होतं की ते दुसऱ्याच शहराबद्दल बोलताहेत, नाव तेवढं तेच. ज्या आई-बापांनी असल्या काकांचं ऐकून पोर पाठवायचं ठरवलं आहे, त्यांना माझी विनंती आहे की काकांना १९८५ चं भाडं विचारू नका. यंदा गेलेल्या पोराला या महिन्याचं भाडं विचारा, आणि खोलीत किती जण राहतात तेही विचारा. पोरं पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतात, दुसऱ्याला टाळतात.

माझ्या मुलीनं जाऊ नये होतं, असं माझं म्हणणं नाही. तिला जायचं होतं, ती गेली, ती तिथं चांगली शिकते आहे. तिच्या बरोबरीच्या काही मुली पुण्याला, हिंजवडीला आहेत, त्यांनाही खोलीत दोघी-तिघी मिळून राहावं लागतं. पण पुण्यात येणाऱ्या मुलीकडून सरकार आधी लेखी घेत नाही की तुझ्याकडे इथं जगायला पुरेसे पैसे आहेत. तुम्ही घेता. ज्या दिवशी तुम्ही तो आकडा कागदावर छापला, त्या दिवसापासून तो खरा असण्याची जबाबदारी तुमच्याकडे आली.

तेव्हा मागणं थोडकं आहे. पुढचा आकडा जाहीर कराल तेव्हा बाजारटोपलीवरून काढा, आणि शहराच्या नावासकट छापा. टोरंटोचा वेगळा, विनिपेगचा वेगळा, मॉन्क्टनचा वेगळा. टोरंटोचा तीस हजारांच्या वर गेला तरी जाऊ द्या. त्यात भाड्याचा भाग किती आणि तो अख्ख्या खोलीचा की वाटून घेतलेल्या, ते शेजारी लिहा. दोन वर्षांचा कोर्स असेल तर दोन वर्षांचा अंदाज द्या. ज्याला टोरंटो पेलणार नाही तो मॉन्क्टनचा विचार करील, नाहीतर नागपूरलाच शिकेल. पण गहाणखत करायच्या आधी करील.

माझ्या मुलीला या सगळ्याचा आता उपयोग नाही. ती पुढच्या वर्षी कोर्स संपवून बाहेर पडेल. मात्र आमच्या वॉर्डातल्या दोन मुलांनी पुढच्या सत्रासाठी चौकशी सुरू केली आहे. एकाचे वडील ठेकेदाराच्या डंपरवर ड्रायव्हर आहेत. पगारबिलाचा बाबू म्हणून ते अजून माझ्याकडेच येतात, आणि रविवारी पुन्हा येणार आहेत. टोरंटोत वर्षाला किती लागतील, असा त्यांचा प्रश्न आहे. तुमचा आकडा सांगू की माझ्या मुलीचा, ते कळवावं.

आपला,
एक निवृत्त पगार लिपिक
घुग्घुस, जि. चंद्रपूर